चाकाला टोपी, गिऱ्हाइकाला टोपी

इंदूरच्या कुठल्याही पार्किंगमध्ये पाच मिनिटं उभं राहा आणि गाड्यांचे रंग-नंबर सोडून फक्त चाकं बघा. तीन चाकांच्या मधोमध कंपनीचं चिन्ह असलेली गोल टोपी असते आणि चौथ्या चाकात नुसतं भोक. भोकातून आतला गंजका नट दिसतो, कडेला वंगणात चिकटलेली धूळ. काही गाड्यांना टोप्या चारही असतात, पण एक जरा वेगळ्या करड्या रंगाची. किंवा गाडी एका कंपनीची आणि टोपीवरचं चिन्ह दुसऱ्याच कंपनीचं. आमच्या गल्लीत एका गाडीच्या चाकावर चक्क डब्याचं झाकण एम-सील लावून बसवलंय, आणि खरं सांगायचं तर बाजारातून आणलेल्या पुष्कळ टोप्यांपेक्षा ते घट्ट बसलंय.

या टोपीला सेंटर कॅप म्हणतात. सियागंज किंवा छोटी ग्वालटोलीतल्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात ‘बीच वाला ढक्कन’ म्हटलं की कळतं. अख्खं चाक झाकणारं प्लॅस्टिकचं ताट वेगळं, त्याला व्हील कव्हर किंवा ‘व्हील कप’ म्हणतात. ते रिमच्या इंचावर मिळतं, १३, १४, १५, त्यामुळे त्यात फारसा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो या हातभर पसरलेल्या चाकातल्या मूठभर टोपीचा.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘‘कौन सी गाड़ी है?’’ आपण गाडीचं नाव सांगतो. मागच्या फळीवरून प्लॅस्टिकची पिशवी खाली येते. पिशवीवर कधी गाडीचं नाव असतं, कधी तेही नसतं. ‘‘यही लगता है, लगा लो.’’ घरी येऊन लावायला जावं तर एक तर बसत नाही, नाही तर इतकी सहज बसते की पलासिया येईपर्यंत पडते. परत गेलं तर ‘प्लॅस्टिकचा माल परत नाही’ ही पाटी असतेच. मराठीत टोपी घालणे या शब्दांना जो दुसरा अर्थ आहे, तो इथे शब्दशः लागू पडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही वस्तू नावावर विकली जाते आणि ती विकली जायला हवी मापावर. दुकानदार माप सांगत नाही आणि आपण विचारत नाही. सगळा व्यवहार अंदाजपंचे दाहोदर्से.

साहित्य मंडळाच्या अंकात हे कशाला, असं कुणी विचारेलच. दोन कारणं आहेत. एक म्हणजे आपण भाषेची माणसं नावावर फार विश्वास ठेवतो आणि इथे नावच फसवतं. दुसरं कारण साधं घरगुती आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी पहिली गाडी जुनी आली, हप्त्यावर आली. ती पुढे विकायची वेळ येते तेव्हा घेणारा इंजिन नंतर बघतो, आधी चाकातल्या त्या भोकावर बोट ठेवतो. ‘‘गाडी ठीक से रखी नहीं.’’ शंभर-दोनशे रुपयांच्या टोपीवरून हजारांत भाव पाडला जातो, आणि ज्याने आठवड्याला गाडी धुतली, वेळेवर ऑइल बदललं, तो माणूस उगाच खजील होऊन उभा राहतो. हे मी आमच्या नात्यात एकापेक्षा जास्त वेळा बघितलंय. ज्याच्याकडे पैसा आहे तो सर्व्हिस सेंटरमधून चारही टोप्या नव्या घेतो आणि विसरतो. माप माहीत नसल्याचा भुर्दंड ज्याला परवडत नाही त्यालाच बसतो.

तशी गाडी टोपीशिवायही चालते. खोटं कशाला बोलू? आजच्या गाड्यांत बेअरिंगचं वंगण सीलच्या आत बंद असतं. टोपी फक्त मधल्या नटावर चिखल, पाणी उडू देत नाही आणि शोभा देते. पूर्वी असं नव्हतं. फोर्डच्या मॉडेल टीच्या काळात हबची टोपी आट्यांनी फिरवून बसवायची धातूची असायची, ती बेअरिंगचं वंगण आत धरायची आणि धूळ बाहेर ठेवायची. कंपनीचं नाव त्याच टोपीवर कोरलेलं असे. पुढे काम गेलं आणि नाव उरलं. आपल्या बैलगाडीच्या चाकाला आरे, धाव, तुंबा असे प्रत्येक भागाला शब्द होते, आणि तुंब्याचं भोक आसाच्या जाडीला जुळतंय की नाही हे सुतार नजरेने नव्हे, आस घालूनच बघायचा. कुणाची गाडी म्हणून विचारून तुंबा कोरत नव्हता.

टोप्या हरवतात कशा, हेही जरा बघायला हवं, कारण त्याबद्दल एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं चाक जोरात फिरतं म्हणून टोपी भिरकावली जाते. १८५/६५ आर १५ हा नेहमीचा टायर घ्या. त्याचा घेर साधारण १.९५ मीटर येतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला पाचशेहून जास्त फेरे घेतं. पण टोपी चाकाच्या बरोबर मध्यावर असते. ती स्वतःभोवती फिरते, त्यामुळे नीट बसलेली टोपी फिरण्याने बाहेर फेकली जायचं कारणच नाही. ती निघते खड्ड्यांच्या हादऱ्याने, ब्रेकच्या उष्णतेने कडक होऊन तुटलेल्या क्लिपमुळे आणि मुख्य म्हणजे माणसाच्या हाताने. व्हील बॅलन्सिंग करताना मशीनचा शंकू चाकाच्या मधल्या भोकातून जातो, म्हणून टोपी दर वेळी काढावीच लागते. ती आतून ढकलून काढायची असते. घाईत असलेला पोरगा बाहेरून स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटतो, एक क्लिप तिथेच मोडते. मग टोपी कुठेतरी टायरच्या ढिगावर राहते, किंवा हाताने थापटून परत बसवली जाते आणि आठ दिवसांनी बायपासवर निघून जाते. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सारखं अव्वल ठरत आलं याचा सार्थ अभिमान आहे, पण रात्री पडलेली टोपी सकाळी शोधायला जाल तर रस्ता झाडून लख्ख झालेला असतो. म्हणून बॅलन्सिंगला चाक उतरलं की चारही टोप्या आपल्या हातात मागून घ्याव्यात. आणि बसवताना मागची तारेची गोल रिंग आहे का ते बघावं. क्लिप बाहेर दाबून धरणारी ती पोलादी रिंग हरवली की मूळची कंपनीची टोपीसुद्धा बसत नाही, आणि लोक चांगली टोपी फेकून नवी आणतात.

आता मापाकडे येते. गाडी कुठली यापेक्षा चाक कुठलं, हा खरा प्रश्न आहे. एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या व्हेरियंटला वेगळी चाकं असतात, मॉडेल बदललं की चाक बदलतं. त्यातून आपल्याकडे जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाने बाहेरून अलॉय टाकलेले असतात. स्विफ्ट, आय-२० आणि होंडा सिटी, तिन्हींचे चार बोल्ट १०० मिमीच्या वर्तुळावर असतात, त्यामुळे एकीचं चाक दुसरीला लावलेलं सर्रास दिसतं. अशा चाकात टोपी त्या चाकाच्या मापाची लागणार, गाडीच्या नावाची नाही. दुकानदाराला ‘सिटी’ म्हणून सांगितलं आणि चाक आय-२०चं असलं, तर तो बिचारा तरी काय करणार?

दुसरा घोटाळा हबच्या मापाचा. इंटरनेटवर शोधलं की सुझुकी, ह्युंदाई, टोयोटाच्या कित्येक छोट्या गाड्यांपुढे ५४.१ मिमी हा आकडा येतो, होंडा सिटीपुढे ५६.१, पोलोपुढे ५७.१. हा आकडा चाकाच्या मागच्या बाजूच्या भोकाचा असतो, जे भोक हबवर चढतं. टोपी बसते पुढच्या बाजूने, तिथल्या खाचेत, आणि त्या खाचेचं माप वेगळं असू शकतं. बाहेरच्या कंपन्यांचे अलॉय तर पुष्कळदा मुद्दाम मोठ्या भोकाचे, ७३.१ मिमीचे, करतात आणि गाडीप्रमाणे आत हब रिंग टाकतात, म्हणजे एकच चाक दहा गाड्यांना विकता येतं. तेव्हा ५४.१ हा आकडा घेऊन टोपी आणायला जाणं म्हणजे दाराची चौकट मोजून कुलूप आणण्यासारखं.

टोपीची स्वतःची मापं दोन, आणि बाजारात कुणी सांगितलंच तर त्यातलं एकच सांगतात. एक वरच्या झाकणाचा व्यास, जो आपल्याला दिसतो. दुसरा मागच्या क्लिपचा, एका क्लिपच्या बाहेरच्या टोकापासून समोरच्या क्लिपच्या टोकापर्यंत. चाकात धरून राहतात त्या क्लिप, झाकण नव्हे. झाकण ६० मिमीचं आणि क्लिप ५६च्या, अशी टोपी असते आणि झाकण ६०चंच पण क्लिप ५८च्या, अशीही असते. पिशवीत ठेवून वरून बघितल्या तर दोघी जुळ्या बहिणी. क्लिपमध्ये मिलिमीटरभर कमी पडलं की टोपी खुळखुळते, मिलिमीटरभर जास्त झालं की ठोकाठोकी सुरू होते आणि पाय मोडतो. यात भर म्हणजे खोली. काही चाकांत मधला नट पुढे आलेला असतो, तिथे उथळ टोपी टेकते आणि बसतच नाही. पण खोलीने फसलेले थोडे, क्लिपने फसलेले फार.

मोजायचं कशाने? अकरावीच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण सगळ्यांनी व्हर्नियर कॅलिपर हातात धरलाय, ०.१ मिमी लीस्ट काउंट पाठ केलाय आणि परीक्षा झाल्यावर आयुष्यात पुन्हा त्याला हात लावलेला नाही. पिएर व्हर्निये या फ्रेंच माणसाने ही सरकती पट्टी १६३१ मध्ये जगापुढे मांडली. पावणेचारशे वर्षांहून जास्त काळ उपलब्ध असलेली वस्तू आपण लॅबच्या कपाटात बंद ठेवतो आणि दुकानात अंगठा-तर्जनी फाकवून ‘इतका मोठा’ म्हणून दाखवतो. व्हर्नियरचे वरचे छोटे जबडे आतून मोजायला असतात. त्याने थेट चाकातली खाच मोजता येते, आणि टोपी हरवलीच असेल तर दुसरा उपाय नाही. तीन शिल्लक असतील तर एक काढून न्यावी.

व्हर्नियर नसेल तर घरात एक वस्तू हमखास सापडते, जिच्याकडे गाडीवाल्या पुरुषांचं कधी लक्ष जात नाही. बांगडी. राजवाड्याच्या परिसरात कुठल्याही बांगडीच्या दुकानात जा आणि ‘मला माझ्या नावाची बांगडी द्या’ म्हणून बघा. हसतील. तिथे विचारतात, दोन-चार की दोन-सहा? हे दशांश नव्हेत. दोन इंच आणि वर इंचाचे सोळावे भाग. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, ५७.१५ मिमी. दोन-सहा म्हणजे ६०.३. दोन-आठ म्हणजे अडीच इंच, ६३.५. खाली दोन-दोन, सुमारे ५४. एका मापापासून दुसऱ्यापर्यंत फरक जेमतेम तीन मिमीचा, आणि आमच्या आज्या शाळेत न जाताही तो फरक जाणत होत्या. कासारीण हात दाबून माप सांगायची आणि ते चुकत नसे.

गंमत अशी की गाडीच्या पुष्कळशा टोप्या नेमक्या याच टप्प्यात येतात. टोपी क्लिपच्या बाजूने दोन-सहाच्या बांगडीतून न दाबता जाते आणि दोन-चारमध्ये अडते? मग क्लिपचं माप ५७ ते ६० च्या मध्ये आहे. दोन-चारमधूनही गेली आणि दोन-दोनमध्ये अडली, तर ५४ ते ५७. बाजारातल्या ५६ आणि ६० या दोन अगदी नेहमीच्या मापांतला फरक या दोन बांगड्या मिनिटात सांगतात. धातूची बांगडी वापरावी, वाकलेली नको, आणि काचेची वापरायची असेल तर आईला विचारून.

काही जण दोरा गुंडाळतात. सुतळी क्लिपभोवती फिरवायची, लांबी मोजायची, ३.१४ने भागायची. सहावीचं गणित, चूक कुठे होणार? होते. बऱ्याच टोप्यांना पाच क्लिप असतात. क्लिप अरुंद असल्या तर दोरा वर्तुळावरून जातच नाही, तो एका क्लिपवरून दुसरीवर सरळ ताणला जातो आणि आपण मोजतो पंचकोनाची परिमिती. ६० मिमीच्या टोपीला ती सुमारे १७६ मिमी येते, ३.१४ने भागलं की ५६. आणि ५६चं माप बाजारात मिळतंच! म्हणजे माणूस मोजूनमापून, आत्मविश्वासाने चुकीची टोपी घेऊन येतो. पाच क्लिपमध्ये समोरासमोर क्लिप नसते म्हणून व्हर्नियरही नीट धरता येत नाही. अशा वेळी टोपी कागदावर पालथी ठेवून पाचही टोकांच्या खुणा करायच्या आणि कंपासने त्यांतून जाणारं वर्तुळ काढायचं, किंवा सरळ चाकाची खाच मोजायची. बांगडीला मात्र क्लिप पाच आहेत की सहा याच्याशी देणंघेणं नाही.

मापाआधीही एक गोष्ट बघायची असते, ती फुकट आहे. शिल्लक टोपी उलटी करा. मूळची असेल तर आतल्या बाजूला प्लॅस्टिकमध्येच उठावाचा नंबर असतो. ह्युंदाईच्या टोपीवर तो ५२९६०ने सुरू होतो, होंडाच्या ४४७३२ने, टोयोटाच्या ४२६०३ने. सुरुवातीचे पाच आकडे म्हणजे ‘ही चाकाची मधली टोपी आहे’ एवढंच, पुढची अक्षरं-आकडे कुठल्या चाकाची ते सांगतात. पूर्ण नंबर काउंटरवर सांगितला की चर्चाच संपते. अर्थात तो नंबर मराठी, हिंदी, इंग्रजी कुठल्याच अर्थाने वाचता येत नाही, म्हणून लोक त्याच्याकडे बघत नाहीत.

दुकानदारांची बाजू मला मान्य आहे, थोडीशी. त्यांच्याकडे शेकडो प्रकारचा माल येतो, दिल्लीहून पोत्यात भरून येतो, पाकिटावर जे छापलं तेच ते वाचतात. गिऱ्हाईक स्वतः गाडीचं नाव सांगतं. मग ते कशाला मोजत बसतील? पण याच दुकानात टायरचं काय होतं बघा. टायरवर माप कोरलेलं असतं. मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन परिमाणांची खिचडी असूनही ‘१८५/६५ आर १५’ हे आकडे पंक्चरवाल्या पोरापासून सगळ्यांना तोंडपाठ असतात. ‘स्विफ्टचा टायर द्या’ म्हटलं तरी तो वाकून साइडवॉल वाचतो, मग बोलतो. जिथे माप लिहिलेलं असतं तिथे बाजार मापाने बोलायला शिकतो. म्हणजे अक्कल कमी नाही, लिहिलेलं कमी आहे.

आणि लिहायला हवं असं कायदाही म्हणतो. वैधमापन अर्थात लीगल मेट्रोलॉजी कायद्याखाली पाकीटबंद मालाचे २०११चे नियम आहेत. त्यातल्या सहाव्या नियमात पाकिटावर काय छापायचं ते दिलंय: उत्पादक किंवा आयातदार कोण, नग किती, किंमत किती. आणि जिथे वस्तूचा आकार महत्त्वाचा असतो तिथे तिची मापंही. चाकाच्या टोपीपेक्षा आकार महत्त्वाचा असलेली वस्तू शोधून काढावी लागेल. तरी पाकिटावर असतं काय, तर गाडीचं नाव आणि ‘हाय क्वालिटी’. मध्य प्रदेशात हे बघणारा नापतौल विभाग आहे. तो किराणा दुकानातले काटे आणि पेट्रोल पंपावरचं पाच लिटरचं माप तपासतो, ते उत्तमच. पण माप म्हणजे फक्त वजन नव्हे, मिलिमीटरही माप आहे. मापात पाप नको असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे तराजूच येतो. नीतिसूत्रांतही खोट्या तराजूचा निषेध आहे, कॉलेजच्या प्रार्थनेत ते वाचन ऐकलेलं असेल. माप न सांगणं हे खोट्या तराजूइतकं वाईट नसेल, पण चुलतभावंडं आहेत दोघं.

कंपन्यांनाही यातून सोडता येणार नाही. सुटा भाग बाहेर मिळूच नये, फक्त अधिकृत काउंटरवरच मिळावा, अशी बऱ्याच वाहन कंपन्यांची पद्धत होती. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ला १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड लावला, आणि सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करा, त्यांची माहिती आणि किमती लोकांसमोर ठेवा, असंही सांगितलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २४ डिसेंबर २०२२ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं म्हणजे राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. इतकं सगळं झालं, पण मालकाला मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत टायरची हवा, बल्बचे वॅट, ऑइलची श्रेणी सगळं असतं आणि टोपीची दोन मापं नसतात. एक ओळ छापायला किती शाई लागते?

इथून जवळच पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी मार्ग आहे, २०२१ मध्ये तो सुरू झाला. देशभरातल्या गाड्या तिथे येऊन अंशाअंशाने, सेकंदाच्या भागांनी तपासल्या जातात. तिथून तासाभरावर सियागंजात त्याच गाड्यांची टोपी ‘लगा के देख लो’ या परिमाणाने मिळते.

चिन्हाबद्दल थोडं बोलायलाच हवं. बाजारात मिळणाऱ्या चिन्हवाल्या स्वस्त टोप्या बहुतेक कंपनीच्या नसतातच. दुसऱ्याचं चिन्ह छापून विकणं हा ट्रेड मार्क कायद्याचा भंग आहे, पण त्याहून मला खटकतं ते हे की चिन्ह बघून आपण माप विचारायचं विसरतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. आलिशान गाड्यांची चिन्हं साध्या गाडीवर लावायची हौस असते तिथे तर हमखास. बीएमडब्ल्यूच्या कित्येक चाकांची टोपी ६८ मिमीची, मर्सिडीजची ७५ची. त्या नावाची टोपी आपल्या छोट्या चाकात बसायची तर मुळात ती त्यांची नसणारच, हे गणित कुणी करत नाही. माझं मत विचाराल तर साधी, कोरी, काळी किंवा चंदेरी टोपी घ्यावी, पण मापाची. चिन्हाची हौसच असेल तर कोऱ्या टोपीवर आपलं आडनाव लिहा. आपल्या मराठी मंडळींना मागच्या काचेवर आडनाव लावायची सवय आहेच, चाकं कशाला रिकामी ठेवता!

एकच टोपी हवी असेल आणि दुकानदार चारांच्या संचाशिवाय देत नसेल, तर भंगार आणि जुन्या मालाचा बाजार बघावा. पुण्यात मावशी-काका असतील तर रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार भरतो. पण तिथे पाठवताना गाडीचा फोटो आणि नाव पाठवू नका. ‘झाकण ६०, क्लिप ५६, पाच पाय’ एवढा मेसेज पाठवा. काका गाड्यांतलं काही कळत नसलं तरी पट्टी घेऊन आणतील, उलट कळत असलं तर स्वतःच्या अंदाजाने भलतीच आणतील.

मध्यंतरी छोटी ग्वालटोलीत एका लहानशा दुकानात काउंटरवर प्लायवुडची फळी बघितली. तिला ओळीने गोल भोकं पाडलेली आणि प्रत्येकाखाली मार्करने आकडा: ५४, ५६, ६०, ६५, ६८. गिऱ्हाइकाने आणलेली टोपी दुकानदार एकेका भोकात घालून बघत होता, जिथे टक् करून बसली तो आकडा वाचून मागच्या खणातून माल काढत होता. गाडी कुठली ते त्याने विचारलंही नाही. वाद होतात का म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘‘दीदी, जब से पटिया बनाई है, कोई वापस नहीं आया.’’ फळीवर दोन भोकांच्या मध्ये एक जागा मोकळी होती आणि तिथे पेन्सिलने ६२ लिहिलेलं होतं. त्या मापाचा होल सॉ त्याला अजून मिळालेला नाही.